वच्छलाअक्का, टाकी पाडली

अक्का, परवा पाण्याची टाकी पाडली.

तू असतीस तर धुरळा बसायच्या आत तुझा फोन आला असता. "दिगू, कुणीकडं पडली रं? अंगणवाडीकडं तर न्हाई ना?" नाही पडली. बाजारतळाच्या मोकळ्या बाजूला पडली. माणसं लांब उभी केली होती, जनावरं हलवली होती. मशीनवाल्यानं आधी एका अंगाचे खांब कुरतडले. टाकी जराशी कलली आणि एखादं थकलेलं जनावर गुडघे मोडून बसतं तशी बसली. पोरं ओरडली. मी चहाच्या टपरीला टेकून उभा होतो. शेजारून कुणीतरी म्हणालं, "वच्छला असती तर आज दिवसभर हेच सांगितलं असतं रेडिओवर." मला त्या माणसाचा राग आला. बोलला खरं तेच, तरी आला.

तुला जाऊन महिनाही झाला नाही. गावात कुणी वारलं की सकाळच्या कार्यक्रमात सगळ्यात आधी तू तेच सांगायचीस. नाव, कुणाची कोण, माती किती वाजता. आवाज न चढवता, कुणाला न रडवता. तुझी बातमी मात्र फोनवरून फोनवर गेली आणि जाता जाता वाकडी झाली. लिंबागणेशला तुझ्या मावसबहिणीला कळलं तोवर तुला अग्नी देऊन झाला होता. ती आली आणि माझ्याच अंगावर धावली. "तुमचा येवढा रेडू हुता, मला सांगायला काय झालतं?" तिच्या गावापर्यंत आपला आवाज कधीच पोचत नव्हता, हे मी तिला सांगितलं नाही. आणि पोचत असता तरी काय? अँटेना माझ्या केजच्या दुकानात, मिक्सरच्या भांड्यांमागं ताडपत्रीखाली पडून होती.

आपली पहिली भेट भांडणातली. भांडण माझं नव्हे, तुझं. मी दूध संस्थेत पंखा दुरुस्त करायला आलो होतो आणि तू फॅट काढणाऱ्याला धारेवर धरलं होतंस. "कालची म्हैस आन् आजची म्हैस एकच हाय. दुधात पाणी म्हणतो? गावात पाणी हाय कुठं घालायला?" तुझा आवाज काही फार मोठा नव्हता, पण पार शेवटच्या कॅनपाशी उभ्या माणसाला एकेक अक्षर ऐकू येत होतं. चेअरमन बप्पा आतून बाहेर आले. संस्थेला रेडिओ सुरू करायची परवानगी नुकतीच मिळाली होती. बोलायला म्हणून ज्या पोरीला तयार केलं होतं तिचं लग्न ठरलं होतं, आणि बप्पा काळजीत होते. त्यांनी तुझं भांडण शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वच्छला, हेच रोज सकाळी बोलशील का? फकस्त भांडण सोडून."

तू म्हणालीस, "भांडण सोडल्यावर मंग ऱ्हातंय काय, बप्पा?"

अँटेना कुठं लावायची हा पेच होता. वेगळा मनोरा उभारणं संस्थेला झेपणारं नव्हतं. गावात उंच म्हणावं असं दोनच, देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी. कळसाला कोण हात लावू देणार? टाकी मात्र कुणाच्या कामाची उरली नव्हती. खालची विहीर आटल्यापासून ती बहुतेक कोरडीच असायची आणि तिच्या पोटाखाली आग्या मोहोळं लटकायची. ग्रामपंचायतीनं ठराव केला. मी पाइप, क्लॅम्प आणि केबलचं भेंडोळं घेऊन शिडीला लागलो. तू खालून बजावत होतीस, "हळू ठोक रं. माशा उठल्या तर वरून उडी टाकशील आन् रेडूचं पयल्याच दिशी वाटोळं."

मी खाली उतरलो तेव्हा तू खांबाला तळवा लावून उभी होतीस. "हिच्या स्लॅबला मी घमेली वाहिलीत. नवी नवरी हुते. हातावरची हळद सिमिटानं गेली." मग वस्तीकडं बघून म्हणालीस, "नळ मातर आमच्या भीमनगरला आलाच न्हाई. पाइप कमी पडला म्हणं." तू हसत म्हणालीस म्हणून मीही हसलो. तू हसली नसतीस तर मी काय केलं असतं कोण जाणे.

सुरुवातीला मी तुला 'तुमी' म्हणायचो. तूच एकदा दटावलंस, "अक्का म्हणतूस आन् तुमी कावून? सख्ख्या भनीला म्हणतूस का तुमी?" त्या दिवसापासून 'तू'. आपला स्टुडिओ म्हणजे संस्थेच्या गोदामातली खोली, मधे काच, अलीकडं मशीनवर मी, पलीकडं माईकवर तू. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना पेंडीची रिकामी पोती शिवून लावलेली. उन्हाळ्यात त्या पोत्यांचा असा वास सुटायचा की तू माईकवरच म्हणायचीस, "मंडळी, आज पेंडीचा वास लई सुटलाय, तुमच्या म्हशी रेडूकडं धावल्या तर आमाला बोल लावू नका." सुरुवातीचे शब्द तुझे ठरलेले. राम राम, जय भीम, सलाम. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बप्पांकडं जाऊन कुरकुरलं की नुसतं नमस्कार म्हणायला काय होतं. बप्पांनी तुला बोलावलं. तू पदर खोचून गेलीस, भांडायच्या तयारीनं. बप्पा म्हणाले, "आपल्यात दूध घालाया जेवढी माणसं येत्यात तेवढ्यांचं समद्यांचं म्हण. कुणाचं सोडू नकू." तू परत येऊन नुसती बसलीस. तुला भांडायला न मिळाल्याचं मी पहिल्यांदा बघितलं.

चांगले दिवस होते ते. हरवलेली शेळी, वासरांची लस, फॅटचा भाव, जात्यावरच्या ओव्या. माणसं तुझ्याशी भांडायला स्टुडिओत यायची आणि चहा पिऊन जायची. एक गोष्ट तुला सांगायची राहिली ती इथंच सांगतो. माझी आई शेवटच्या वर्षात कुणाला ओळखत नव्हती. मलाही नाही. ताटावर बसवली की तोंड फिरवायची. पण रेडिओ लावला आणि तुझा आवाज आला की मुकाट जेवायची. बायको म्हणायची, सांगा ना हो अक्कांना, बरं वाटेल त्यांना. मी म्हणायचो, सांगू की, रोज तर भेटते. रोज भेटणाऱ्या माणसाला असलं काही सांगायला जमतच नाही गं.

मग तो दुष्काळ आला. टाकी कोरडी होतीच, आता विहिरी, बोअर, मांजरेचं पात्र, सगळंच कोरडं पडलं. मोहोळंसुद्धा उठून गेली. गाव टँकरवर आलं. ओव्या मागं पडल्या. टँकर कधी येणार, एवढं ऐकायला लोक रेडिओ लावायचे. तालुक्याच्या गावाहून फोन यायचा आणि तू सांगायचीस.

त्या दिवशी फोन आला की टँकर आज भीमनगरला आधी जाईल. वस्तीला आधी, असं पहिल्यांदाच होत होतं. सांगताना तुझा आवाज जरासा उचलला होता. मी काचेपलीकडून बघून हसलो, तूही हसलीस. वस्तीतल्या बायका त्या दिवशी नदीच्या वाळूत खणलेल्या झऱ्याला गेल्याच नाहीत. हंडे, कळशा, ड्रम रांगेत लावून बसल्या. टँकर आलाच नाही. कुणी म्हणालं वाटेत बिघडला, कुणी म्हणालं दुसऱ्याच गावानं अडवून रिकामा केला. खरं काय ते आजवर कळलं नाही. आपण फोन करत राहिलो, कुणी उचलला नाही. तुझी शेजारीण जनाबाई, नंबर जाईल म्हणून उन्हातून हललीच नाही. लोक म्हणत होते, म्हातारे, सावलीला चल. ती म्हणत होती, "वच्छीनं सांगितलंय. यील." उन्हं कलायला लागली तेव्हा तिला उचलून ओसरीवर नेलं. जीप मिळेपर्यंत ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनाबाईची बातमी तूच दिलीस. नाव, कुणाची कोण, माती किती वाजता. पुढं माईकवर नुसता तुझा श्वास ऐकू यायला लागला, म्हणून मी गाणं लावलं.

यात तुझा काही दोष नाही, असं मी तुला सांगितलं. बप्पांनी सांगितलं. जनाबाईच्या सुनेनं तुझे दोन्ही हात धरून सांगितलं. तू सगळ्यांचं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आता फोनवरचं म्या सांगणार न्हाई. डोळ्यानं दिसंल तेच सांगणार."

आणि टाकीवर चढायला लागलीस.

रोज. लुगडं खोचून, चपला खाली काढून. अँटेना चालू असताना तिच्याजवळ जायचं नाही एवढं मात्र माझं ऐकलंस. खालच्या सज्ज्यावर थांबायचीस. तिथून केजचा रस्ता पार फाट्यापर्यंत दिसायचा. मी स्टुडिओत गाणी लावून बसलेला. तुझा फोन यायचा, "दिगू, आला. फाट्यावरून वळला. लाव मला." मी फोन माईकला लावायचो. वाऱ्याच्या घोंघाटातून तुझा आवाज गावभर जायचा, "बायांनो, हंडे काढा, टँकर आलाय, म्या सोता बघितलाय." बायका पळत सुटायच्या. पण असे दिवस थोडे. बरेचदा तू लांबवर बघत उभी राहायचीस आणि मग सांगायचीस, "रस्ता रिकामा हाय. वाट बघू नका. उनं व्हायच्या आत झऱ्याला जा."

यावरून आपण किती भांडलो असू. मी म्हणायचो, पडशील. तू म्हणायचीस, पडले तर तूच बातमी दे, नीट दे. एकदा मी फारच चिडलो. म्हणालो, "अक्का, तू वर चढल्यानं टँकर येत न्हाई."

"ठाव हाय."

"मंग कशाला चढतीस?"

"आला न्हाई तर बाया उन्हात तरी बसणार न्हाईत."

"एवढ्यासाठी?"

"एवढंच हुतंय रं रेडूनं. ह्याच्या फुडं त्याचं काय चालत न्हाई. तुला वाटलं का, आपुन बोलल्यानं पाणी यील?"

हो, मला वाटायचं. सुरुवातीला तरी वाटायचं. आपण रोज सांगत राहिलो, रस्ता रिकामा आहे असं रोज गावभर, आसपासच्या वाड्या-तांड्यांवर ऐकू गेलं, तर कुणालातरी लाज वाटेल आणि पाणी येईल. तुला असं कधीच वाटलं नव्हतं, आणि तरी तू रोज शिडी चढत होतीस. हे माझ्या डोक्यात अजून बसत नाही अक्का. ज्याचा उपयोग नाही हे ठाऊक आहे ते माणूस एवढ्या निष्ठेनं कसं करू शकतं? नीट निवांत बसून विचारायचं होतं तुला.

जनावरं छावणीत गेली. दावणी रिकाम्या झाल्या. बाजारात दुभत्या म्हशी मिळेल त्या भावानं गेल्या, तुझीही गेली. बप्पांनीही आपली विकली आणि त्या दिवशी ते संस्थेत आलेच नाहीत. दूध संकलनाला रांग लागायची तिथं कॅन पालथे घातलेले. पुढं पाऊस झाला, ओढे वाहिले, पण गेलेली जनावरं काही परत आली नाहीत. संस्थेचं दार उघडायचं ते सवयीनं. दुधाची संस्था, आणि दूध नाही. बप्पा म्हणायचे, "रेडू तेवढा चालू ठिवा. त्यानं वाटतं की आपुन हाव."

तुझ्या किडन्यांचं तेव्हाच सुरू झालं. आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला, मशीनवर. परत आलीस की हाताला पट्टी बांधलेली तशीच माईकसमोर बसायचीस. शिडी सुटली होती, पण आवाज तोच. ऐकणाऱ्याला काहीही कळत नव्हतं. कळू द्यायचं नाही अशी मला तंबी होती.

आणि एका सकाळी टाकीची मोठी ढलपी अंगणवाडीच्या पायरीवर येऊन पडली. पोरं अजून यायची होती म्हणून वाचली. लोक बघायला आले, सळ्या उघड्या पडून गंजलेल्या दिसत होत्या. टाकी पाडायची ठरली. अँटेना त्याआधी उतरवा म्हणून बप्पांनी मला फोन केला. आवाज इतका खोल होता की मी आधी विचारलं, बप्पा, तब्येत बरी आहे ना? मी चढलो. क्लॅम्प गंजून बसले होते, कापावे लागले. खाली चार माणसं उभी होती. तू दवाखान्यात होतीस.

भेटायला आलो तेव्हा तुला आधीच कळलेलं होतं.

"कावून उतरवलीस?"

"पोरं खाली खेळत्यात, अक्का. टाकी कच्ची झालीय."

"टाकी कच्ची हाय हे मला पयल्यापसून ठाव हाय. म्या माल वाहिलाय. टाकीचं इचारत न्हाई. दुसरीकडं कावून न्हाई लावलीस?"

मी सांगितलं की दुसरी उंच जागा नाही, मनोरा संस्थेला झेपत नाही, जागा बदलायची तर परवानगी नव्यानं काढावी लागते, आणि बप्पा थकलेत. तू डोळे मिटून ऐकलंस.

"बाभळीला बांध."

"बाभळीला बांधून चालत न्हाई."

"चालत न्हाई, का चालवू देत न्हाईत?"

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात सिस्टर तुला मशीनवर न्यायला आली. तू जाता जाता मान वळवून माझ्याकडं बघितलंस. उत्तर आल्यावर घेते, अशा नजरेनं. पुढच्या खेपेला आलो तेव्हा तू झोपेत होतीस. त्याच्या पुढच्या खेपेला यायची वेळच आली नाही.

तेव्हापासून मी तुझ्या प्रश्नाला उत्तरं देतोय. स्कूटर चालवताना, दुकानात सोल्डरिंग करताना. कधी म्हणतो, खरंच चालत नाही अक्का, तांत्रिक गोष्ट आहे. कधी म्हणतो, चालवू देत नाहीत. मग विचारतो, कोण देत नाही? नाव घे. तर नाव घेता येत नाही. बप्पा नाहीत, पंचायत नाही, तो परवानगीवाला साहेबही नाही. सगळेच आपापल्या जागी बरोबर आहेत आणि रेडिओ बंद आहे. तू असतीस तर यातून कुणाला धरायचं ते तुला नेमकं सुचलं असतं. मला सुचत नाही. मला वायर जोडता येते.

तुझ्या अंत्ययात्रेला दूध घालणारी सगळी माणसं आली होती. जी आता दूध घालत नाहीत तीही. भंतेजींनी त्रिशरण म्हटलं तेव्हा बप्पा डोक्यावरची टोपी हातात धरून शेवटपर्यंत उभे होते. त्यांना खुर्ची दिली तर बसले नाहीत. तुझ्या लेकीनं मला पुढं बोलावलं, म्हणाली, दिगूमामा, दोन शब्द बोला. मी उभा राहिलो. इतकी वर्षं तुझ्या शब्दांना आवाज पुरवला, पण स्वतः माईकवर एकदाही बोललो नव्हतो. खाली बसलो.

काल दुकानात एक म्हातारा आला. खांद्यावर घोंगडं, काखेत फडक्यात गुंडाळलेला रेडिओ. मेंढरं घेऊन वरच्या माळावर असतो म्हणाला. रेडिओ पुढं सरकवला. "बघा हो, ह्याला काय झालंय. लई दिस झालं, आमची वच्छलाबाई लागत न्हाई ह्याच्यावर."

मी उगाच पाठीमागचं झाकण उघडलं. सेल काढले, पुन्हा बसवले. रेडिओला काही झालेलं नव्हतं. मग सांगितलं त्याला. तू गेलीस हे सांगितलं, अँटेना उतरवली हेही सांगितलं. तो बाकड्यावर बसून राहिला. मी चहा मागवला.

"म्या कवा बघितली न्हाई तिला," तो म्हणाला. "कशी हुती हो दिसाया?"

अक्का, मला सांगता येईना. एवढी वर्षं काचेपलीकडं समोर बसलेली तू. बुटकी होती म्हणालो, सावळी होती. पुढच्या दातात फट होती. जिवाचा कान करून सगळ्यांचं ऐकायची आणि मग भांडायची. बोलताना डाव्या हातानं हवेत काहीतरी मोजल्यासारखं करायची. एवढं सांगून थांबलो, कारण यातलं काहीच तू नव्हतीस.

त्यानं मान हलवली. "मला वाटलं, उंच आसंल."

चहा संपवून त्यानं रेडिओ पुन्हा फडक्यात बांधला. मी म्हणालो, बाबा, दुसरी स्टेशनं लागतात यावर, लावून देऊ का? तो म्हणाला, "नगं. ऱ्हाऊ द्या हाय तसा." आणि काटा जिथं होता तिथंच ठेवून निघून गेला.